पैसे नसले तरी कुलूप हवंच

‘साइटवर पैशाचा व्यवहारच नाही, मग एचटीटीपीएस कशाला?’ असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. (एचटीटीपीएस म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातली माहिती कुलूपबंद करून पाठवायची पद्धत; साध्या एचटीटीपीत ती उघडीच जाते.) सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या अभ्यासिकेत एकच वायफाय आणि त्यावर तीस-चाळीस पोरं. तिथं मी माझ्याच लॅपटॉपवर वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारी माहिती दाखवणारा प्रोग्राम) लावून एका साध्या एचटीटीपी साइटवर लॉगिन केलं. वायरशार्कमध्ये ‘पासवर्ड’ या शब्दापुढं माझा पासवर्ड जसाच्या तसा, शेवटच्या दोन आकड्यांसकट! पोटात गोळाच आला, कारण ईमेललाही तोच होता. (बरेच जण हेच करतात.)

शिवाय नुसतं लॉगिनचं पान सुरक्षित करून भागत नाही. लॉगिननंतर प्रत्येक पानाच्या मागणीबरोबर सेशन कुकी (तुम्ही लॉगिन केलंय हे साइटला सांगणारी ओळखखूण) जाते. ती उघडी गेली की पासवर्ड माहीत नसतानाही दुसरा माणूस तुमच्या नावानं आत शिरतो. २०१० साली फायरशीप नावाच्या फायरफॉक्स ब्राउझरच्या एक्स्टेन्शननं (जोड-प्रोग्रामनं) हे काम कुणालाही दोन क्लिकमध्ये जमेल इतकं सोपं करून दाखवलं होतं. खर्चाचं म्हणाल तर लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था एचटीटीपीएससाठी लागणारं सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) २०१५ पासून फुकट देतेय, आणि त्याचं नूतनीकरणही सर्व्हरवर आपोआप लावून ठेवता येतं.