जगाकडे पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) दृष्टीने पाहणे

प्रश्न: प्रभूवर माझा विश्वास आहे, मात्र पैसा, काम आणि नातेसंबंध यांविषयीचे माझे निर्णय इतरांसारखेच असतात. शास्त्रावर आधारलेला दृष्टिकोन कसा घडवावा?

उत्तर 1: सुटी वचने पाठ करण्यापेक्षा निर्मिती, पतन (मनुष्याचे पापात पडणे), तारण (पापातून सुटका) आणि नवी सृष्टी हा सलग धागा धरून संपूर्ण शास्त्र वाचावे. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला (उत्पत्ती 1:27), हे एकच सत्य मनात खोल रुजले तरी हाताखालच्या माणसाशी, इतकेच नव्हे तर विरोधकाशीही, आपले वागणे बदलते.

उत्तर 2: सहमत आहे. रोमकरांस पत्र 12:2 मध्ये प्रेषित पौल मनाच्या नवीकरणाविषयी सांगतो. या नवीकरणाला वेळ लागतो.

उत्तर 3: केवळ एकट्याने वाचू नये. बिरुया या नगरातील लोक पौलाची शिकवणही दररोज शास्त्रात पडताळून पाहत (प्रेषितांची कृत्ये 17:11). मंडळीतला (चर्चमधला) उपदेशही तसाच, आदराने, तपासावा.