मदत हवी आहे: बाळाच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये वॉटरशेड भागात इजा, पुढे लक्ष कशावर ठेवायचं?

जन्मताना ऑक्सिजन कमी पडल्याने मुलीला ७२ तास कूलिंग (मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून शरीर थंड ठेवण्याचा उपचार) दिलं होतं. पाचव्या दिवशीच्या एमआरआयमध्ये बेसल गँग्लिया, थॅलॅमस हे मेंदूतले खोल भाग नॉर्मल; दोन्हीकडच्या वॉटरशेड भागात (मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या क्षेत्रांच्या सीमेवरचा भाग) मात्र इजा. आता ती ९ महिन्यांची आहे. आधाराशिवाय बसते, खुळखुळा या हातातून त्या हातात घेते. फिट्स नाहीत, कान-डोळे तपासून झालेत, फिजिओथेरपी चालू आहे. डॉक्टर म्हणाले, अशा इजेत हातापायांपेक्षा भाषा, एकाग्रता, वागणं यांतल्या अडचणी उशिरा दिसू शकतात. त्या 'उशिरा'नेच झोप उडवलीय. एमआरआय पुन्हा करायची गरज नाही म्हणाले, ते पटलंय. ज्यांच्या मुलांना नेमकी हीच इजा होती आणि ती आता शाळेत जातात, त्यांनी कृपया सांगा: पहिली खूण कोणत्या वयात, कशात दिसली? आणि विकासाची कोणती चाचणी कधी करून घेतलीत?