बी-कॉम्प्लेक्स आणि थकवा

एकाने विचारलंय की बी-कॉम्प्लेक्स नियमित घेऊनही थकवा का जात नाही. कारण त्या गोळीत ऊर्जा नसतेच! ती येते कर्बोदकं, चरबी आणि थोडीफार प्रथिनांतून; पेशींतल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या छोट्या भागांत, त्यातून एटीपी हे पेशींचं इंधन बनतं. गोळीतली बी१, बी२, बी३ ही जीवनसत्त्वं त्या कामाची हत्यारं. ती कमी पडली तर काम अडतं, पण पुरेशी असताना आणखी ढीग रचून वेग वाढत नाही. उलट बी६ दीर्घकाळ जास्त मात्रेत घेतलं तर नसांना इजा होऊन हातापायांना मुंग्या येऊ शकतात.

माझ्या मते आधी लोह बघा. लोह म्हणजे हिमोग्लोबिन एवढंच आपण धरून चालतो, पण मायटोकाँड्रियात इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या प्रथिनांनाही ते लागतं. त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) खाली असेल तर गळून गेल्यासारखं वाटू शकतं. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर ही तपासणी कराच. शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध चालू असेल तर बी१२सुद्धा.

कॉफीचं म्हणाल तर ती मेंदूत झोप आणणाऱ्या अ‍ॅडेनोसिनला अडवून झोपेची जाणीव दाबते, एटीपी वाढवत नाही. मायटोकाँड्रिया खरोखर वाढतात त्या नियमित चालण्या-धावण्याने. संशोधक जॉन होलोझी यांनी 1967 मध्येच उंदरांच्या स्नायूंवर हे दाखवलं होतं.

आणि तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या नकोत, जादा लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही. डॉक्टरांनी दिल्याच तर चहा-कॉफीसोबत घेऊ नका, शोषण घटतं.