मदत हवी आहे: कोल्हापूरपासून दीड तासात, अंधाऱ्या रात्री तंबू टाकायला जागा (सोबत वडील आणि मुलगी)

नमस्कार मंडळी,

आम्ही राजारामपुरीत राहतो. डिसेंबरात एका शनिवारी रात्री तंबूत मुक्काम करायचा आहे. आम्ही चौघं: मी, नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि माझे वडील. त्यांना घरात सगळेच आबा म्हणतात. आबांचं वय ७२, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे.

मुक्काम खरं तर आबांसाठीच आहे. तरुणपणी ते भुईमुगाच्या राखणीला शेतात माळ्यावर झोपायचे आणि घड्याळ नसल्यामुळे वेळ चांदण्यांवरून ओळखायचे. मृगातलं तिकांडं (एका ओळीतल्या तीन चांदण्या), कृत्तिकांचा पुंजका, म्हातारीची खाट आणि ती पळवणारे तीन चोर (म्हणजे सप्तर्षी), हे सगळं त्यांनी लेकीला गोष्टींतून सांगितलंय. तिला ते आकाशात बघायचंय. आमच्या गच्चीवरून तिकांडं दिसतं, पण रस्त्यावरच्या दिव्यांमुळे बाकीचं पुसट. खाट कुठे आहे विचारलं तर आबा म्हणतात, "आत्ता कुठली दिसतीया? हिवाळ्यात ती मध्यरात म्हागं टाकून वर येती." म्हणजे खाट बघायची तर रात्र बाहेरच काढायला हवी.

गेल्या जानेवारीत एकदा प्रयत्न केला होता. फोटो बघून एका तलावाकाठच्या कॅम्पचं फोनवर बुकिंग केलं. फोटोत दोनच तंबू होते. प्रत्यक्षात पंचवीस-तीस तंबू, दोरीला दोरी लागलेली, मधोमध हॅलोजन आणि रात्री एकपर्यंत स्पीकर. सगळ्यांत मिळून दोन संडास, तेही भारतीय पद्धतीचे. आबांना खाली बसता येत नाही हे मी फोनवर सांगितलं होतं. पाण्याच्या इतक्या जवळ तंबू होते की पहाटेपर्यंत गाद्या ओल्या झाल्या. आबा काचा लावून गाडीत बसून राहिले. लेक त्यांच्या मांडीवर बसून समोरच्या काचेतून वर बघत होती. काचेवर दव आणि त्यावर हॅलोजनचा पिवळा उजेड, दुसरं काही दिसत नव्हतं. ती रात्र मला अजून लागून राहिली आहे. यंदा घाई करायची नाही, जाणत्या लोकांना विचारून ठरवायचं.

मी जो विचार केलाय तो सांगते, चुकत असेन तर सांगा.

पूर्वेकडे जाऊन उपयोग नाही असं वाटतं. शिरोली, हातकणंगले, इचलकरंजी, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडे कारखाने आणि दिवे. म्हणून पश्चिमेकडचेच रस्ते डोळ्यांसमोर आहेत.

पन्हाळा वीस किलोमीटर, म्हणून पहिला तोच आठवला. पण गडावर तंबू टाकायचा नाही हे आमचं पक्कं आहे. ते संरक्षित स्मारक आहे, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक. शिवाय गडावर वस्ती आणि हॉटेलं, त्यामुळे अंधारही नाही. मसाई पठार मला फार आवडतं. सप्टेंबरात फुलं बघायला आम्ही जातो. पण ते आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, डिसेंबरात गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि वारा अडवायला एक झाड नाही. तिथे रात्री कुणी साधा स्टोव्ह पेटवला तरी माझ्या पोटात गोळा येईल.

गगनबावडा ५५ किलोमीटरच्या आसपास. डिसेंबरात आकाश मोकळं असतं, पण घाटमाथ्यावरचा वारा आबांना सोसेल का? आंबा त्याहून थोडं लांब. दाजीपूरला आबांना फार जावंसं वाटतं, १९५८ मध्ये अभयारण्य झालेल्या त्या जंगलाच्या जुन्या आठवणी ते सांगतात. पण अभयारण्यात आपल्या मनाने तंबू ठोकायचा नसतो एवढं कळतं, आणि गव्यांच्या वाटेत मुलीला झोपवायचं नाही. आजरा-चंदगड भागात हत्ती फिरतात, म्हणून ती बाजू सोडून दिली. राहतात राधानगरीचा रस्ता आणि धामोडकडचा तुळशी धरणाचा भाग. तिथलं मला फारसं माहीत नाही.

गाडी तंबूपर्यंत जायला हवी. कमोड हवा, नसेल तर घडीची कमोड खुर्ची आम्ही आणू, पण आडोसा आणि पाणी पाहिजे. स्पीकर नको. तासाभरात डॉक्टर गाठता यावा. जेवण साधं भाकरी-आमटीचं चालेल. आणि अंधार, तो सगळ्यांत आधी. जमलं तर १३-१४ डिसेंबरच्या आसपासची रात्र धरायची आहे, तेव्हा मिथुन राशीतल्या उल्का पडतात. नाहीतर अमावास्येजवळचा शनिवार.

ज्यांनी स्वतः मुक्काम केलाय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, मी राधानगरी तालुक्यातला. धरणाच्या काठाचा नाद सोडा. काठावर दव जास्त पडतं हे तुम्ही अनुभवलंच आहे. शिवाय पाणी जसं ओसरतं तसा काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, पण पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. आबांना तिथे चालवू नका. ती जमीन सरकारी असते, रात्री कुणी उठवलं तर बोलायला तोंड नाही.

कॅम्प शोधण्यापेक्षा ओळखीचा शेतकरी शोधा. डिसेंबरात भात कापून, मळून झालेलं असतं आणि खळं रिकामं असतं. खळ्यासारखी जागा तंबूला दुसरी नाही: सपाट, सारवलेली, घराजवळ, गाडी दारात. खाचरात मात्र तंबू टाकू नका. कापलेल्या भाताची धसकटं तळाला भोकं पाडतात आणि उंदरांच्या मागे घोणस येते. खळ्यावर वीतभर पिंजार (भाताचा वाळलेला पेंढा) पसरा, त्यावर ताडपत्री, मग तंबू. थंडी खालून लागत नाही आणि गुडघ्यांनाही बरं. पण पिंजाराजवळ चूल, शेकोटी, डासांची अगरबत्ती यातलं काही नको. तंबूची चेन कायम लावलेली, बूट आत.

अंधाराचं म्हणाल तर नुसतं पश्चिमेला जाऊन भागत नाही. तुम्हाला खाट बघायची आहे, ती ईशान्येला उगवते आणि तिकडेच कोल्हापूरचा उजेड असतो. त्यामुळे मध्ये एखादा डोंगर येईल असं गाव निवडा. डोंगर शहराचा उजेड अडवतो. पण घर अगदी पायथ्याला चिकटून नको, नाहीतर खाट डोंगरावर चढेपर्यंत पहाट होईल. धामोडच्या बाजूला अशा वाड्या आहेत.

जागा ठरवण्याआधी घरमालकाला एकच विचारा: गवा येतो का? अभयारण्याला लागून असलेल्या गावांत शेतकरी रात्री फटाके फोडून राखण करतात. येतो म्हणाले तर दुसरं गाव बघा. आणि गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवा, म्हणजे अनोळखी गाडी बघून कुणी रात्री चौकशीला येणार नाही.

प्रतिसाद

दिवस मावळायच्या आत पोहोचा एवढंच सांगतो. ऊसतोडीचे दिवस आहेत. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो. ऊस बाहेर आलेला असतो तो दहा फुटांवर आल्याशिवाय दिसत नाही. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, तेव्हा कोल्हापुरातून तीनला निघा. परतताना सकाळचं ऊन वर आल्यावर.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार, दादा. खळ्याचं वाचून दाखवलं तेव्हा आबा कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पिंजार नवं असलं तर ताडपत्री खाली कशाला, वर घालू. वास यायला पायजे." ताडपत्री खालीच घालणार आहे, पण उशाला एक पेंढी उघडी ठेवीन म्हटलं.

ईशान्येचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त पश्चिम पश्चिम करत होते. काल रात्री गच्चीवर कंपास घेऊन उभी राहिले, आणि आमच्याकडून तर त्या बाजूला शिरोलीचा उजेड आभाळभर पसरलेला दिसतो.

आता नेमकी विनंती. धामोड किंवा तुळशी धरणाच्या आसपास कुणाचं घर, मामाचं, बहिणीचं, ओळखीतलं असेल, दारात खळं असेल आणि १२ डिसेंबरच्या सुमाराला दोन तंबू टाकू देणार असतील तर मला निरोप पाठवा. जेवणाचे आणि जागेचे पैसे द्यायचे आहेत, फुकट नको. कमोड खुर्ची आमची आम्ही आणतो. अंगणातला दिवा रात्री दोन तास बंद ठेवायला घरच्यांची हरकत नसावी, एवढं आधी विचारून घ्या.