मदत हवी आहे : संशोधनात तोंडी माहितीचे स्थान कोणते मानावे?

सर्व सभासदांना नमस्कार.

मी बडोद्यात ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी. करीत असून माझा विषय बडोदे संस्थानातील फिरती ग्रंथालये हा आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना पाचारण केले, पुढे ग्रंथालय खाते उभे राहिले आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या, हा इतिहास येथील बहुतेकांना ठाऊक असल्याने त्यात शिरत नाही. माझा प्रश्न त्या पेट्यांत मराठी पुस्तके किती असत आणि ती कोण वाचत असे, एवढ्यापुरताच आहे.

या प्रश्नावर शोधयंत्र फारसे कामी येत नाही. मराठीतून शोध घेतला की आजच्या वाचनालयांच्या गाड्यांच्या बातम्या येतात, आणि इंग्रजीतून घेतला की बोर्डन यांच्यावरचे तेच दोन परिच्छेद शब्द इकडेतिकडे करून दहा ठिकाणी छापलेले दिसतात. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांच्या प्रती भरपूर आहेत. परंतु त्यांची नावे रोमन लिपीत अशा काही तऱ्हेने नोंदवलेली असतात की ग्रंथाचे नाव आधीच माहीत असूनही तो हाती लागेल याची खात्री नाही. मोडीतले दफ्तर तर शोधयंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या संकेतस्थळावरील प्रबंध मात्र उपयोगी पडले, तेही मुख्यतः त्यांच्या संदर्भसूचींमुळे.

याउलट, दांडिया बाजारातील एका वयोवृद्ध गृहस्थांकडे गेले असता त्यांनी तासाभरात तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, केंद्रीय ग्रंथालयातील जुन्या दाखल-नोंदवह्या, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांच्या नोंदी, पाहाव्यात. दुसरी, १९१२ साली बडोद्याहून निघू लागलेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकाचा मराठी विभाग चाळावा. मी तोवर केवळ त्यातील इंग्रजी लेखच पाहत होते. तिसरी गोष्ट खरी अडचणीची आहे. त्यांचे वडील नवसारी प्रांतात शिक्षक होते, आणि त्यांच्या सांगण्यानुसार तेथे येणाऱ्या पेटीत कारकून व फौजदारांच्या घरच्या स्त्रियांसाठी म्हणून मराठी पुस्तके वेगळ्या कापडात बांधून ठेवलेली असत. ही माहिती माझ्या प्रकरणाचा कणा ठरू शकेल, परंतु तिला दुजोरा देणारा एकही लेखी कागद मला मिळालेला नाही. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, जे छापील नाही ते प्रबंधात नको. मला हे पूर्णपणे पटत नाही, कारण स्त्रियांनी काय वाचले याची नोंद ठेवण्याची गरज त्या काळी कोणत्या खात्याला वाटली असती?

तरी जाणकारांनी कृपया सांगावे की, अशी ऐकीव माहिती प्रबंधात कोणत्या स्वरूपात द्यावी, आणि पुढच्या व्यक्तींकडे जाताना प्रश्न कसे विचारावेत, म्हणजे मला हवे तेच उत्तर मी त्यांच्या तोंडून वदवून घेणार नाही. संभाषणयंत्रांना (चॅटबॉटना) विचारून पाहण्याचा सल्ला कृपया देऊ नये. न लिहिलेल्या लेखांचे संदर्भ पृष्ठांकासकट देण्यात ती तरबेज आहेत.

प्रतिसाद

आपले मार्गदर्शक अर्धे बरोबर आहेत. वडिलांकडून ऐकलेली गोष्ट मुलाने सांगणे हा पेटीत काय होते याचा पुरावा होत नाही. मात्र त्या घरात ही आठवण कशी जपली गेली याचा तो पुरावा जरूर होतो, आणि प्रबंधात ती आठवण म्हणूनच यावी. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) संदर्भपद्धतीत अशी माहिती मजकुरातच नोंदवतात, संदर्भसूचीत घालत नाहीत. मुलाखतीची तारीख, ठिकाण, आणि त्यांनी स्वतः पाहिलेले कोणते व ऐकलेले कोणते, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

प्रश्नांविषयी म्हणाल तर, “पेटीत मराठी पुस्तके असत का?” असे विचारू नये; “पेटी आली की पुढे काय होई?” असे विचारून गप्प बसावे. कापडाचा उल्लेख तर आपल्याकडून मुळीच होऊ नये. दुसऱ्या कुटुंबातून तो आपणहून आला, तरच त्याला वजन येईल. तोवर संस्थानाचे वार्षिक प्रशासन अहवाल काढून त्यांतील ग्रंथालय खात्याचे प्रकरण वर्षवार वाचावे. त्यात स्त्रियांचा उल्लेख ‘वाचक’ म्हणून न सापडल्यास शिक्षण खात्याच्या भागात, कन्याशाळांच्या निमित्ताने, शोधावा.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. कन्याशाळांची बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. अहवाल त्या दृष्टीने पुन्हा पाहते. एक शंका उरते. त्या आजोबांची अट आहे की प्रबंधात त्यांचे नाव येऊ नये, आणि वडिलांच्या गावाचे नाव दिले तर ओळख लपणार नाही. अशा वेळी केवळ प्रांताचा उल्लेख करून भागते का, की परीक्षक त्यावर आक्षेप घेतात?