घाटासाठी घरीच मोठा हॉर्न बसवला. चुकलं का?

बोनेटखाली
आमच्या गाडीला कंपनीने दिलेला हॉर्न म्हणजे एकच चपटी डिस्क. आवाज असा की रस्त्यातली म्हैससुद्धा कान हलवत नाही. गेल्या पावसाळ्यात माणगावहून परत येताना ताम्हिणी घाटात एका आंधळ्या वळणावर टेम्पो थेट माझ्या बाजूला आला. मी हॉर्न दाबून धरलेला, त्याला पत्ताच नाही. आरसा घासला तेवढ्यावर निभावलं.

परवा रविवारी पार्किंगमध्ये बसून नवी जोडी चढवली. गोगलगायीच्या आकाराची, एक जाड सूर, एक बारीक. बॅटरीची निगेटिव्ह काढली, पुढची ग्रिल उतरवली, तोंडं खाली ठेवून बसवले, म्हणजे पाणी साचायला नको. दोन तास गेले. पहिल्यांदा वाजवला तेव्हा बायको गॅलरीत येऊन म्हणाली, "गाडी घेतलीस की बोट?" मित्राचं म्हणणं, हा सरळसरळ असभ्यपणा. माझ्या मते ब्रेक पॅड बदलण्याइतकीच ही सुरक्षेची गोष्ट. तुम्ही सांगा.

पेठेतला पादचारी
घाटात वर्षातून किती वेळा जाता? दहा? उरलेले साडेतीनशे दिवस तोच हॉर्न लक्ष्मी रस्त्यावर वाजणार. घेतला टेम्पोवाल्यासाठी, ऐकायचा मात्र मी, हातात भाजीची पिशवी धरून. आणि उद्या शेजारचा तुमच्यापेक्षा मोठा बसवेल. मग तुम्ही परत रविवार घालवणार का?
मुंबई पोलिसांनी मागे काही सिग्नलांवर प्रयोग केला होता. गोंगाट ८५ डेसिबलवर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. तसं पुण्यात प्रत्येक चौकात हवं.

तारा-जोड्या
सभ्यतेचं नंतर बघू. रिले, म्हणजे हॉर्नला बॅटरीचा करंट वेगळ्या वायरीने देणारा स्विच, टाकलात का?

बोनेटखाली
नाही. जुन्या हॉर्नच्या वायरीलाच दोन्ही जोडले. वाजतायत की मस्त.

तारा-जोड्या
आज वाजतायत. अशी जोडी मिळून आठ-दहा अँपिअर खेचते. मूळ वायर आणि फ्यूज एका डिस्कच्या हिशोबाचे. वायर तापणार, आवाज दबणार, आणि एक दिवस फ्यूज उडणार. तो नेमका ताम्हिणीतच उडतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. मग नवाही गेला आणि जुनाही.

चार पिनांचा रिले आणा. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीहून थेट जाड वायर, आणि बॅटरीच्या अगदी जवळ वेगळा फ्यूज. ८७ वरून हॉर्नना. ८५ ला जुन्या हॉर्नची वायर, ८६ अर्थला. जोडायच्या आधी टेस्ट लॅम्प लावून बघा, काही जुन्या गाड्यांत हॉर्नला करंट कायम असतो आणि बटण अर्थ देतं. तसं असेल तर जोडणी बदलते. स्टिअरिंग मात्र उघडू नका, आत एअरबॅग आहे. आणि वायर कापू नका, कप्लर वापरा. उद्या वॉरंटीला गाडी द्यायची झाली तर अर्ध्या तासात सगळं होतं तसं.

रात्रपाळी
मी नर्स आहे. रात्रभर ड्युटी, दिवसा झोप. घर सिग्नलसमोर, दुसरा मजला, समोरच हॉस्पिटल. शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तसा बोर्डही आहे. हॉर्न त्या बोर्डाखालीच वाजतात. धोका म्हणून कोणी वाजवत नाही हो. दिवा हिरवा व्हायच्या आधीच "चल ना" म्हणून वाजवतात. तुमचा जाड सूर खिडकीच्या काचेला जाणवतो. बारीक परवडला.

तीस वर्षं स्टिअरिंग
लाल डबा चालवला, त्यातली बरीच वर्षं घाटात. बोनेटखाली, रागावू नका, पण टेम्पो दिसल्यावर हॉर्न दाबून काय उपयोग? पावसात त्याच्या काचा बंद, वायपर चालू, इंजिन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओरडतंय. तुम्ही भोंगा लावला तरी त्याला उशिराच कळणार. हॉर्न वळणाच्या आधी द्यायचा, दोनदा, छोटा. मग पाय ॲक्सिलरेटरवरून काढून ऐकायचं, समोरून उत्तर येतंय का. आमच्यात निम्मे जण वाजवायचे, पण ऐकायचं कोणी नाही. रात्री डिपर द्यायचा. आणि रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची.

बोनेटखाली
मी चढतच होतो, काका. ब्रेकही दाबला होता, रस्ता ओला होता. पुढच्या वेळी आधी वाजवेन, मान्य. पण आधी वाजवलेला तरी पोचायला हवा ना?
आणि कायद्याचं म्हणाल तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ११९ वा नियम आहे, बंदी आहे ती एकामागून एक वेगळे सूर काढणाऱ्या आणि कर्कश हॉर्नवर. माझे दोन्ही सूर एकत्र वाजतात. सात मीटरवरून ११२ डेसिबलच्या आत असावा म्हणतात, तेवढं खोक्यावर बघूनच घेतला.

पेठेतला पादचारी
सात मीटरवर ११२. मी सात मीटरवर उभा नसतो. अंतर निम्मं झालं की साधारण सहा डेसिबल वाढतात. साडेतीन मीटरवर ११८, पावणेदोनवर १२४. फुटपाथ त्याहून जवळ आहे, तोही असला तर. आणि विनाकारण वाजवला तर मोटार वाहन कायद्याचं १९४ एफ कलम आहे, पहिल्यांदा हजार, नंतर दोन हजार. आजवर कोणाला भरताना पाहिलं नाही, तो भाग वेगळा.

तारा-जोड्या
मला बाजू घ्यायची नाही. जुनी डिस्क जागेवर राहू द्या. रिलेची ८६ ची वायर थेट अर्थला न देता एका छोट्या स्विचमधून द्या. स्विच बंद असला की रिले उचलत नाही, फक्त जुना वाजतो. घाट लागला की चालू. पन्नास-शंभराचा खेळ.

पेठेतला पादचारी
जो माणूस आठवणीने स्विच बंद करेल, त्याच्या हॉर्नचा त्रास मुळात कोणाला होत नाही.

रात्रपाळी
तरीही बसवा. एक तर एक.

बोनेटखाली
रिले आणला. स्विच गिअरच्या पुढे रिकामी खाच होती तिथे बसला, चालू असला की लाल ठिपका दिसतो. आज ऑफिसला जाताना बंद ठेवला होता. चांदणी चौकात एक दुचाकी आडवी आली आणि सवयीने दाबला, तर तीच जुनी मिणमिण. गंमत म्हणजे तो थांबला. काका, पंधरा दिवसांनी माणगावला चाललोय. वळणाआधी दोनदा, लक्षात आहे.

तारा-जोड्या
फ्यूज किती अँपिअरचा टाकलात? आणि बॅटरीपासून किती लांब? फोटो टाका.