चाल लावायला शिकवता येते का?

काळी चार:
गाण्याच्या क्लासात सात वर्षं काढली, विशारद झालो. राग, आलाप, ताना, स्वरलिपी सगळं घोटून घेतलं. पण ‘या चार ओळींना चाल लावून आण’ असं एकदाही कुणी म्हणालं नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: ते सुचावं लागतं. मला हे पटत नाही. वृत्तं शिकवता येतात, मग चाल का नाही?

मंद्र पंचम:
यमन शंभर जणांना सारखाच मिळतो, मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, एखाद्यालाच सापडतो. वर्ग काढलात तर सगळे त्या गुरूच्याच चाली गिरवतील. हृदयनाथ मंगेशकर उस्ताद अमीर खाँकडे शिकले ते गाणं. चाली त्यांच्या स्वतःच्या.

काळी चार:
वर्ग नसेल, रीत होती. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ लिहून मूळ गाण्याचे शब्द छापलेले असतात. तयार चालीत शब्द बसवताना वजन कळतं, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठल्या अक्षरावर यावी ते कळतं.

मी हेच उलटं करतो: शब्द आधी, चाल नंतर. मोठा अभंग घेतो: सहा, सहा, सहा, चार अक्षरं. शेवटच्या चरणात दोन अक्षरं कमी, म्हणून तिथे स्वर लांबवायला जागा मिळते. आधी भजनी ठेक्यात आठ मात्रांत बसवायचा, मग तोच रूपक तालाच्या सात मात्रांत. दुसऱ्या वेळी शब्द कुठे तुटतोय ते कानाला बोचतं. ‘नकोसे’ म्हणताना ‘नको’वर श्वास घेतला तर अर्थच बिघडला! हे शेजारी बसून दाखवता येतं. शब्दप्रधान गायकी यशवंत देवांनी शिकवलीच की.

आईची पेटी:
आमच्या भजनी मंडळात सिनेमाच्या चालींवर अभंग म्हणतात. दहा वर्षं मी पेटीवर शब्द बसवतेय. वजन कळतं, सम चुकत नाही. पण माझी म्हणावी अशी एकही चाल नाही. मग तुमच्या रीतीने काय दिलं?

काळी चार:
ताई, हे खरं आहे, याला माझ्याकडे पटकन उत्तर नाही. पण ‘आता ती चाल सोड’ असं तुम्हाला कुणी म्हणालं का? गीतरामायण १९५५ साली सुरू झालं तेव्हा सुधीर फडक्यांना दर आठवड्याला नवं गीत द्यावं लागे. अशी ५६ झाली. सुचण्याची वाट बघायला सवड कुठली?

मंद्र पंचम:
फडके १९४५ पासून प्रभात फिल्म कंपनीत संगीतकार होते. तयार माणसाची घाई आणि नवशिक्याची घाई एक नव्हे.

काळी चार:
त्या दहा वर्षांत हात कामानेच बसला ना? तेवढं काम शिकणाऱ्याकडून कुणीतरी करून घ्यावं, एवढंच माझं मागणं.

आईची पेटी:
एकादशीला म्हणायचा अभंग रूपकमध्ये घेऊन बघते. पहिल्या चरणात वरच्या सा ला जायचंच नाही, नाहीतर हात पुन्हा त्या सिनेमाच्या गाण्याकडे वळतो.